इटालियन शिकताना मधे इंग्रजी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक मुलगी सप्टेंबरमध्ये तोरिनोला, म्हणजे आपण ज्याला ट्यूरिन म्हणतो तिथं, एमएससीला चालली आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण घर शोधणं, बाजारहाट, सरकारी कचेऱ्या हे सगळं इटालियनमध्ये करावं लागणार. दोन महिने ती मोबाइलवरच्या अ‍ॅपवर शिकतेय. दोनेकशे शब्द झालेत, तरी एक वाक्य धड जुळत नाही. व्याकरण आधी करू की बोलणं आधी? उच्चार कसे सुधारू? आणि उरलेल्या चार महिन्यांत निदान काय यायलाच हवं?

मी इटलीतल्या पेरूजा शहरात इटालियन शिकले आणि गेली सोळा वर्षं पुण्यात शिकवते. तुमच्यासारखी मुलं दर वर्षी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडलेली असते: अ‍ॅप त्यांना इंग्रजीतून इटालियन शिकवत असतं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी वहीच्या डाव्या पानावर इटालियन आणि उजव्या पानावर मराठी लिहायचं असतं. इंग्रजीला त्या वहीत जागा नाही. का, ते सांगते.

‘मि पियाचे इल काफ्फे’ हे वाक्य घ्या. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर दोन-दोन पानं खर्च करतात, कारण इंग्रजीत कॉफी आवडून घेणारा माणूस कर्ता असतो आणि इथं कॉफीच कर्ता होऊन बसते. मराठीत काय म्हणतो आपण? मला कॉफी आवडते. ‘मि’ म्हणजे मला, ‘पियाचे’ म्हणजे आवडते. संपलं. आंबे अनेक असले की आपण ‘आवडतात’ म्हणतो, ते ‘पियाच्चोनो’ म्हणतात. पैसे हवेत, आठवण येते, डोकं दुखतंय अशी रोजची कितीतरी वाक्यं दोन्हीकडे याच घाटाची आहेत.

किंवा ‘वीवो आ तोरीनो दा दूए आन्नी’. मी दोन वर्षांपासून तोरिनोत राहते. मराठीत साधा वर्तमानकाळ, इटालियनमध्येही साधा वर्तमानकाळ. इंग्रजी डोक्यात असेल तर इथं तुम्ही भलताच काळ शोधत बसता. तोच ‘दा’ पुढं ‘वादो दाल मेदिको’ या वाक्यात येतो: डॉक्टरकडे जाते. पासून, कडे, कडून या तिन्ही कामांना बहुतेक वेळा ‘दा’ पुरतो. क्रम मात्र उलटा. आपण शेपूट शब्दाच्या मागं लावतो, ते शब्दाच्या पुढं ठेवतात. कर्ताही आपल्यासारखाच गाळतात. ‘आलेच’ म्हटल्यावर ‘मी’ वेगळं सांगावं लागत नाही, तसंच तिथं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘इयो’, ‘इयो’ म्हणजे मी, मी करणारा विद्यार्थी दिसला की समजावं, डोक्यात इंग्रजी चालू आहे.

सगळ्यात मोठा फायदा भूतकाळात. इटालियन बोलताना गेलेल्या गोष्टी सांगायला दोन सहायक क्रियापदं लागतात, एक ‘आहे’चं आणि एक ‘जवळ असणे’चं. कुठं कुठलं, यावर लोकांचे महिने जातात. मी मुलांना एवढंच विचारते, की मराठीत इथं ‘ने’ लागतो का? ‘तो गेला’, ‘ती आली’ यांत लागत नाही, म्हणून ‘आहे’वालं: तो ‘ए आंदातो’, ती ‘ए आंदाता’. शेवटचा स्वर कर्त्याप्रमाणे बदलतो, अगदी गेला-गेलीसारखा. ‘तिने खाल्लं’ म्हटलं की ‘ने’ आला, म्हणून ‘जवळ असणे’वालं: ‘आ मांजातो’. यातली गंमत पुढं आहे. सफरचंद इटालियनमध्ये स्त्रीलिंगी. ‘मी सफरचंद खाल्लं’ यात क्रियापद हलत नाही, पण सफरचंदाऐवजी ‘ती’ हे सर्वनाम पुढं आलं की ‘मांजातो’चं ‘मांजाता’ होतं. पोळी खाल्ली, आंबा खाल्ला हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याला हे सांगताना मला घामही येत नाही.

पण ही कसोटी काही क्रियापदांवर फसते आणि ती आधीच पाठ करून टाका. तो झोपला, हसला, रडला, चालला. मराठीत यांना ‘ने’ नाही, तरी इटालियनमध्ये ही चारही ‘जवळ असणे’च्या पंगतीला बसतात: ‘आ दोर्मीतो’, ‘आ रीझो’, ‘आ पियांतो’, ‘आ काम्मिनातो’. ‘चालणे’ हा चक्क हलण्याचा प्रकार असूनसुद्धा. साधारण असं धरा, की जाणं-येणं, जन्मणं-मरणं, होणं अशा, कुठून तरी कुठं तरी पोचवणाऱ्या क्रियापदांना ‘आहे’ लागतं.

आता मराठी कुठं दगा देते तेही ऐका. आपल्याकडे मोठा, काळा, चांगला हे पुरुष. इटालियनमध्ये शेवटी ‘आ’ आला की बहुधा बाई, आणि ‘ओ’ आला की बाप्या. शिवाय शेवटी ‘ई’ आली की बहुतेकदा अनेकवचन. आपल्या कानाला हे सगळं बरोब्बर उलटं ऐकू येतं. माझ्या वर्गातल्या मुली पहिले दोन महिने हमखास ‘सोनो स्तांको’ म्हणतात, म्हणजे ‘मी दमलो’. तुम्ही ‘सोनो स्तांका’ म्हणायचं. यावर उपाय म्हणजे स्वतःबद्दलची दहा वाक्यं रोज मोठ्यानं म्हणणं, दुसरा नाही. भर म्हणून आंद्रेआ, निकोला आणि लुका ही तिकडे पुरुषांची नावं आहेत, तेव्हा घरमालकाचं नाव आंद्रेआ असलं तर दार उघडायला बाई येईल असं धरू नका. नपुंसकलिंग तिथं उरलेलं नाही. पण लॅटिनमधल्या नपुंसकलिंगाची खूण अंड्यात सापडते: एक अंडं ‘उओवो’ पुल्लिंगी, अनेक अंडी ‘उओवा’ स्त्रीलिंगी. दंडाचंही तसंच, ‘ब्राच्चो’ आणि ‘ब्राच्चा’. आपण ‘अंडं’ नपुंसक ठेवलं, त्यांनी ते दोघांत वाटून टाकलं.

आर्टिकल्स मराठीत नाहीत, त्यामुळे ती घोकावीच लागतात. त्यातही ‘इल’ आणि ‘लो’ हा पुल्लिंगातला भेद पाठ करण्यापेक्षा जिभेला विचारा. ‘इल स्तुदेन्ते’ म्हणून पाहा, ल आणि स्त एकमेकांत अडकतात. म्हणून ‘लो स्तुदेन्ते’, ‘लो द्झाइनो’ म्हणजे पाठपिशवी, आणि अनेकवचनात ‘ल्यि स्पागेत्ती’. शब्द कधीच एकटा लिहू नका, आर्टिकलसकट लिहा.

व्याकरण इतकं बास. माझं मत विचारलंत तर पहिले तीन आठवडे फक्त उच्चार, कारण चुकीचा बसलेला उच्चार मोडायला बसण्याच्या दुप्पट वेळ लागतो. आणि इथंही मराठी कामाला येते. त आणि द दातांवरचे, आपलेच. इंग्रजी शाळेत गेलेली मुलं ‘टोरिनो’ म्हणतात, तेवढं सोडा. चमचामधला च आणि चहामधला च हे वेगळे आहेत हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी येतं. चमचातला च म्हणजे ‘ग्रात्सिए’ आणि ‘पीत्सा’मधला. चहातला च म्हणजे ‘चाओ’मधला. जगातला ज आणि जीवातला ज यांचंही तसंच. इतर बऱ्याच भारतीय भाषा बोलणारी मुलं यासाठी आरशासमोर बसतात. ‘ग्रात्सिए’चा शेवटचा ‘ए’ मात्र गिळू नका. ‘ग्रात्सी’ म्हणजे धन्यवाद नव्हे.

आपली शब्दाच्या शेवटचा आणि मधला ‘अ’ खाण्याची सवयही इथं चालत नाही, कारण इटालियनमध्ये ‘अ’ हा स्वरच नाही. आहे तो ‘आ’, आणि पाचही स्वर पूर्ण तोंडानं म्हणायचे. ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकवा. ‘उओवो’ हा शब्द यासाठी उत्तम व्यायाम आहे, त्यात ओठ गोल करणारा आवाज आणि दातांना टेकणारा व पाठोपाठ येतात. ‘फ’सुद्धा दात-ओठांचा, फणसातला नाही.

लिहिलेलं वाचताना सगळा घोळ सी, जी आणि एच या तीन अक्षरांचा. एच तिथं कधीच बोलत नाही, तो नुसता पहारेकरी असतो. सी किंवा जी पुढं ई-ए आले तर च आणि ज होतात, मधे एच उभा राहिला की पुन्हा क आणि ग. ‘ब्रुस्केत्ता’ला आपल्याकडच्या कॅफेत सर्रास ‘ब्रुशेटा’ म्हणतात ते याच्यामुळे. पेरूजातल्या पहिल्या उन्हाळ्यात मी फळवाल्यापुढं उभी राहून ‘मेद्झो कीलो दि पेशे’ मागितलं. मला पीच हवे होते, म्हणजे ‘पेस्के’. ‘पेशे’ म्हणजे मासा. त्यानं अत्यंत अदबीनं रस्त्यापलीकडच्या मासळीच्या दुकानाकडे बोट दाखवलं, आणि मी इतकी गोंधळले होते की तिकडे जाऊन खरंच रांगेत उभी राहिले.

जोडव्यंजनं हा मात्र जीवनमरणाचा विषय आहे. मका आणि मक्का यांत जो फरक, तोच तिथं पानोपानी. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘कापेल्लो’ केस, ‘काप्पेल्लो’ टोपी. ‘पाला’ फावडं, ‘पाल्ला’ चेंडू. वय सांगताना ‘ओ वेंतित्रे आन्नी’ म्हणायचं, शब्दशः ‘माझ्याकडे तेवीस वर्षं आहेत’. इथला जोड ‘न्न’ सुटू देऊ नका, कारण एकेरी ‘न’चा शब्द शरीराच्या अशा भागाचा आहे की ऐकणारा हसू दाबत राहील. इंग्रजांना हा द्वित्ताचा आवाज काढायला फार जड जातं. आपण पक्का, गल्ला, कट्टा म्हणत वाढलोय.

हे साम्य वरवरचं नाही. संस्कृत सप्तचं प्राकृतात सत्त झालं, लॅटिन सेप्तेमचं इटालियनमध्ये सेत्ते झालं. भक्तचं भत्त झालं आणि त्यातून आपला भात आला. लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दातला ‘क्त’ असाच घासला जाऊन ‘लात्ते’ उरला. दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांनी अवघड जोडाक्षर एकाच रीतीनं सोपं केलं. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी 1583 मध्ये कोचीनला उतरला. सहा, सात, आठ, नऊ, देव, सर्प हे इथले शब्द आपल्या शब्दांसारखे कसे, हे त्यानं पत्रातून मायदेशी कळवलं होतं. युरोपात तुलनात्मक भाषाशास्त्र उभं राहण्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. 1588 मध्ये तो गोव्यात वारला. मी पहिल्या तासाला आकडे शिकवताना नेहमी त्याची गोष्ट सांगते.

उच्चारात आपली एकच खरी उणीव, ती म्हणजे आघात. मराठी आपण सपाट बोलतो. इटालियनमध्ये शब्दातला एक स्वर उचलावा लागतो आणि तो चुकला तर अर्थही फिरतो. ‘पार्लो’मध्ये ‘पा’ उचलला तर ‘मी बोलते’, ‘लो’ उचलला तर ‘तो बोलला’. बहुतेक शब्दांत शेवटून दुसरा स्वर उचलतात. पण ‘तावोलो’ म्हणजे टेबल, ‘माक्किना’ म्हणजे गाडी आणि ‘तेलेफोनो’ यांत शेवटून तिसरा, आणि लिहिताना त्याची खूण नसते. खूण फक्त शेवटच्या स्वरावर आघात असला तरच करतात. म्हणून नवा शब्द आधी ऐका, मग वाचा. राय या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचा रेडिओ रोज वीस मिनिटं लावा, स्वयंपाक करताना लावला तरी चालेल, आणि निवेदकामागून तसंच्या तसं पुटपुटत राहा. अर्थ न कळला तरी.

आता रोजचं बोलणं. ‘चाओ’ हा शब्द व्हेनिसकडच्या बोलीतल्या ‘तुमचा दास’ अशा अर्थाच्या शब्दातून आलाय, आपल्या पत्रातल्या ‘आज्ञाधारक’सारखा. पण आज तो फक्त ‘तू’ म्हणावं अशा माणसासाठी आहे. प्राध्यापक, घरमालकीण, पोस्टातला कारकून यांना ‘बुओंजोर्नो’, दुपार टळल्यावर ‘बुओनासेरा’. काही कळेनासं झालं तर ‘साल्वे’, त्यावर कुणी रागावत नाही. ‘बुओनानोत्ते’ मात्र झोपायला जातानाच.

अहो-जाहोसाठी शब्द आहे ‘लेई’, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ती’. समोर मिशाळ पोलीस असला तरी क्रियापद ‘ती’चंच, एकवचनी. आपण आदरासाठी अनेकवचन वापरतो, त्यामुळे सुरुवातीला तोंडात ‘वोई’ म्हणजे तुम्ही येतं. दक्षिणेत अजून म्हातारी माणसं ‘वोई’ म्हणताना ऐकू येतात. मुसोलिनीच्या राजवटीनं 1938 मध्ये ‘लेई’वर बंदी घालून ‘वोई’ सक्तीचं केलं होतं. राजवट गेली, लेई परत आली. तुम्ही ‘स्कूझी’ म्हणजे माफ करा अहो, आणि ‘स्कूझा’ म्हणजे माफ कर रे, यांतला फरक पाठ केलात तरी निम्मं काम होईल.

काही छोटे शब्द असे आहेत, की ते आले तर लोकांना वाटतं तुम्हाला भाषा येते. ‘बो’ म्हणजे कोण जाणे, खांदे उडवून. ‘दाय’ म्हणजे चल ना, ए असं काय. ‘एक्को’ म्हणजे हं, हे घ्या, किंवा हा बघा आलाच. ‘मागारी’ म्हणजे ‘तसं झालं तर काय हवं!’, आणि कधी नुसतं कदाचित. ‘मेनो माले’ म्हणजे सुटलो बाबा. ‘परमेस्सो’ कुणाच्या घरात पाऊल टाकताना म्हणायचं, आत बोलावलेलं असलं तरी. गर्दीच्या बसमध्ये वाट काढतानाही तेच. ‘प्रेगो’ला एक अर्थ शोधू नका. या, बसा, घ्या, बोला, असू द्या, सगळं त्यात मावतं. परीक्षेला निघालेल्याला ‘शुभेच्छा’ म्हणत नाहीत, ‘इन बोक्का आल लूपो’ म्हणतात, लांडग्याच्या तोंडात जा. त्यावर ‘क्रेपी’ म्हणजे मरो तो, असं उत्तर द्यायचं. ‘ग्रात्सिए’ म्हटलंत तर वडीलधारी माणसं अपशकुन मानतात.

कॉफीच्या दुकानाला ‘बार’ म्हणतात, तेव्हा घरी फोनवर सांभाळून सांगा. नुसतं ‘उन काफ्फे’ म्हटलं की एस्प्रेसो येते, आणि ‘लात्ते’ मागितलंत तर पेलाभर दूध. ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. त्यामुळे तुम्ही शाकाहारी असाल तर पेपेरोनीचा पीत्सा तुमचाच. ‘सोनो वेजेतारियाना’ एवढ्यावर मात्र थांबू नका. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ म्हणजे मांस नको, मासा नको, आणि शिवाय ‘सेन्त्सा प्रोशुत्तो’ असं हॅमचं वेगळं नाव घ्या, कारण चवीपुरत्या टाकलेल्या तुकड्यांना मांसात न मोजणारे आचारी मला पुष्कळ भेटलेत. कडक शाकाहारी असाल तर हेही ठाऊक असू द्या, की पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणानंच करतात, तसा नियमच आहे.

चार महिन्यांत किती होईल? रोज तासभर दिलात तर ए-वन, म्हणजे युरोपातल्या भाषा-पातळ्यांमधली पहिली पायरी नक्की, पुढच्या ए-टूच्या उंबरठ्यापर्यंतही पोचाल. कोंजुन्तीवो आणि कोंदित्सियोनाले नावाच्या क्रियारूपांना आत्ता हात लावू नका, दुसऱ्यातलं ‘वोर्रेइ’ म्हणजे मला हवं होतं, तेवढं मागण्यापुरतं घ्या. प्रमाणपत्राची तुम्हाला घाई नाही. पुढं तिथंच राहायचं ठरलं तर दीर्घ मुदतीच्या परवान्याला ए-टू आणि नागरिकत्वाला बी-वन लागतं, तेव्हा सिएना किंवा पेरूजाच्या विद्यापीठाची परीक्षा द्या.

निघण्याआधी एक गोष्ट मात्र इतकी घोटा, की झोपेत विचारलं तरी यावी, ती म्हणजे स्वतःचं नाव-गाव अक्षरं सुटी करून सांगणं. पोचल्यापासून कामकाजाच्या 8 दिवसांत तुम्हाला पोस्टात जाऊन ‘परमेस्सो दि सोज्जोर्नो’चा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा आहे. ‘कोदिचे फिस्काले’ नावाच्या 16 अक्षर-अंकांच्या कर क्रमांकाची सुरुवातही तुमच्या आडनाव-नावातल्या अक्षरांवरूनच होते, म्हणजे नाव चुकलं की तोही चुकला. इंग्रजी वर्णमालेतला ‘ए’ ऐकला की इटालियन माणूस स्वतःचा ‘ए’ लिहितो, म्हणजे इंग्रजीतला ई. आणि तुम्ही ‘ई’ म्हटलंत की तो आय लिहितो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आडनावातले दोन स्वर अशा रीतीनं बदलले गेले आणि ते दुरुस्त करायला तिचे तीन महिने गेले. शिवाय चिन्मय तिथं वाचला जातो ‘किन्माय’ आणि हेमंत होतो ‘एमान्त’. म्हणून ते लोक गावांची नावं वापरतात, तीच तुम्हीही वापरा. जन्मगाव विचारलं की सांगायचं: एन्ने कोमे नापोली, आ कोमे आंकोना, एस्से कोमे सावोना, आक्का कोमे ओतेल, इ कोमे ईमोला, आणि शेवटी काप्पा. एच कळावा म्हणून ते हॉटेल सांगतात, पण त्यातला ह ते स्वतःच उच्चारत नाहीत. तिथं हसू नका, कारकून लिहीत असतो.